पेट्रोल का डिझेल: आधी रनिंग मोजा, मग शोरूमची पायरी चढा

जुनी गाडी देऊन मोठी घ्यायची असं घरात नुसतं बोललं तरी आपल्या खान्देशात पहिला सल्ला ठरलेला असतो, डिझेलच घे. काका सांगतात, सासरे सांगतात, गॅरेजवाला तर सांगतोच. आणि त्यांचं चुकत नव्हतं हो, त्यांच्या वेळेला तो हिशोब एकदम बरोबर होता. पेट्रोलचे भाव सरकारने २०१० मध्येच मोकळे सोडले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत धरून ठेवले, त्यामुळे २०१२ च्या आसपास दोघांत लिटरमागे तीस रुपयांपर्यंत फरक पडला होता. वरून ते १.३ चं डिझेल इंजिन, जे स्विफ्टमध्ये पण होतं, डिझायरमध्ये पण आणि टाटाच्या व्हिस्टामध्ये पण, हायवेला आरामात २०-२२ द्यायचं. मग पेट्रोल घेतंय कोण?

आता तो फरक १२-१३ रुपयांवर आलाय. मारुतीने एप्रिल २०२० ला बीएस ६, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, लागू झाले तेव्हाच डिझेल बंद केलं, त्यामुळे जुनी डिझेल स्विफ्ट देऊन डिझेल अर्टिगा घेऊ म्हणून जो जातो त्याला तिथं पेट्रोल आणि सीएनजी एवढंच दाखवतात. डिझेल मिळतं अजून, ह्युंदाई, किया, टाटा, महिंद्रा, टोयोटा यांच्याकडे आहे, पण त्या इंजिनच्या मागे आता धूर साफ करणारी एवढी भानगड बसवलेली असते की ती गाडी कुणाला झेपते आणि कुणाला नाही हे बघूनच घ्यावी लागते. म्हणून पेट्रोल चांगलं का डिझेल चांगलं असं विचारूच नका कुणाला. तुमची गाडी महिन्याला किती पळते आणि कशी पळते, याच्यावर सगळं आहे, आणि त्यातलं ते "कशी" लोक विचारातच घेत नाहीत.

पहिलं काम, रनिंग काढा. अंदाजाने नाही. कुणालाही विचारा, तो सांगेल महिन्याला दीड-दोन हजार होतंच, आणि काटा बघितला की सातशे-आठशे निघतं. सोपं आहे, जुन्या गाडीची सर्व्हिसिंगची बिलं काढा, प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात, दोन वर्षांपूर्वीचं बिल आणि आत्ताचं बिल यांची वजाबाकी करा आणि महिन्यांनी भागा. मग त्याचे दोन भाग पाडा, गावातलं किती आणि फोर लेनवरचं किती. चोपड्याहून रोज जळगावला अपडाऊन करणारा आणि जळगावातच घर ते दुकान करणारा, दोघांचं रनिंग कागदावर सारखं दिसू शकतं पण गाडी वेगळी लागते.

दुसरं, जुन्या गाडीचा खरा ॲव्हरेज काढून ठेवा. आपल्याकडे पारावर बसलेला माणूस सुद्धा गाडी दिसली की पहिलं "कितला ॲव्हरेज देस?" विचारतो आणि मालक छाती फुगवून जो आकडा सांगतो तो मीटरवरच्या स्क्रीनचा असतो, ती स्क्रीन बऱ्याचदा थोडं वाढवूनच दाखवते. टाकी टू टाकी काढा. पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की तिथंच थांबवायचं, "राउंड फिगर करून देऊ का" याला नाही म्हणायचं, ट्रिप मीटर झिरो करायचा, निदान दोन-तीनशे किलोमीटर नेहमीसारखी चालवायची, परत त्याच पंपावर त्याच मशीनवर पहिल्या कटपर्यंत भरायचं. पळालेले किलोमीटर भागिले आत्ता गेलेले लिटर. एवढ्याने तुमचा पाय जड आहे का हलका ते कळतं, आणि नव्या गाडीच्या ब्रोशरमधल्या आकड्यातून किती वजा करायचं ते पण.

आता पैशाचा हिशोब. समजा क्रेटा, सेल्टॉस या साइजची गाडी बघताय. क्रेटाच्या १.५ साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या, पेट्रोलला कंपनी १७.४ सांगते आणि डिझेलला २१.८, मॅन्युअल गिअरमध्ये. आपल्या हातात, एसी लावून, थोडं गाव थोडा हायवे असं पेट्रोल १४ आणि डिझेल १८ धरा. भाव हिशोबापुरते पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ धरू, तुमच्या पंपाचा जो असेल तो टाका. पेट्रोल पडलं किलोमीटरला साडेसात रुपये, डिझेल पाच रुपये दहा पैसे. म्हणजे किलोमीटरमागे साधारण २ रुपये ४० पैसे वाचले.

पण ते वाचवायला आधी किती घातले? एक्स शोरूमला दीड लाखाचा फरक धरा, पेट्रोल १३ लाख, डिझेल साडेचौदा. इथं बऱ्याच जणांचं लक्ष नसतं, आपल्या महाराष्ट्रात आरटीओचा टॅक्स पण डिझेलला दोन टक्के जास्त आहे. दहा लाखाच्या आत पेट्रोलला ११ तर डिझेलला १३ टक्के, दहा ते वीस लाखात १२ आणि १४, वीसच्या वर १३ आणि १५. म्हणजे या गाडीला पेट्रोलमध्ये १ लाख ५६ हजार टॅक्स बसतो आणि डिझेलमध्ये २ लाख ३ हजार. इन्शुरन्सचे थोडे धरले की ऑन रोड फरक सरळ दोन लाखाचा झाला.

दोन लाख भागिले २ रुपये ४० पैसे, साधारण ८४ हजार किलोमीटर. एवढं पळेपर्यंत डिझेलवाला फक्त बरोबरीला येतो. महिन्याला हजार किलोमीटरवाल्याला सात वर्षं लागतात, दोन हजारवाल्याला साडेतीन. आणि हे रोखीत घेतली तर, तेच दोन लाख लोनमध्ये गेले, ९ टक्के व्याज, पाच वर्षं, तर दोनाचे अडीच होतात आणि ८४ हजाराचे लाखाच्या वर जातात. डिझेलची सर्व्हिसिंग पण थोडी महाग पडते, ऑईल जास्त लागतं, डिझेल फिल्टर वेगळा. एक गोष्ट मात्र डिझेलच्या बाजूने धरावी लागते, आपल्या भागात विकताना डिझेलला अजून गिऱ्हाईक आहे, चार पैसे जास्त येतात. अजून किती वर्षं येतील याच्यावर मी तरी पैज लावणार नाही.

चार मीटरच्या आतली गाडी बघत असाल तर फरक थोडा कमी झालाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आत १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतचं डिझेल दोघांना १८ टक्के जीएसटी, त्याच्या वरच्या सगळ्यांना ४०. आधी छोट्या डिझेलवर पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त लागायचे, ते आता सारखं झालंय. आरटीओचे दोन टक्के आहेत तसेच आहेत.

नवापूर, नंदुरबार, विसरवाडीकडच्या लोकांनी वरचा हिशोब जसाच्या तसा घेऊ नका. गुजरातमध्ये पेट्रोल आपल्यापेक्षा नऊ-दहा रुपयांनी स्वस्त आहे पण डिझेल जेमतेम एक-दोन रुपयांनी. तिकडे दोघांतला फरकच चार-पाच रुपयांचा आहे. आणि आपल्या अर्ध्या खान्देशाचे पाहुणे सुरतला उधना-लिंबायतला, त्यामुळे जाणं-येणं असतंच, टाकी तिकडेच फुल होते. पेट्रोल ९५ आणि डिझेल ९० धरून करा, वाचतात फक्त १ रुपया ८० पैसे, बरोबरीला यायला १ लाख १० हजार किलोमीटर. बॉर्डरला राहणाऱ्याला पेट्रोल जास्त परवडतं, हे मी ज्यांना सांगितलं त्यांतल्या निम्म्यांना पटतच नाही. उलट शिरपूर, चोपडा, रावेरवाल्यांना सेंधवा-बुऱ्हाणपूरकडून काही फायदा नाही, मध्य प्रदेशात पेट्रोल आपल्या बरोबरीचं किंवा वरच असतं.

आता ती "कशी पळते" वाली गोष्ट. बीएस ६ डिझेलला सायलेन्सरच्या लाईनमध्ये डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. ती जाळी हळूहळू भरते, आणि साफ कशी होते तर गाडीच ती काजळी आत जाळते, त्यासाठी आत सहाशे डिग्रीच्या आसपास तापमान लागतं आणि ते तापमान गाडी सलग साठ-सत्तरच्या स्पीडला पंधरा-वीस मिनिटं पळाली तर नीट मिळतं. आता माझ्या मावसभावाचं बघा, जळगावातच घर पिंप्राळ्याला, दुकान दाणाबाजारात, सकाळी जा, दुपारी जेवायला ये, परत जा, रात्री ये, इंजिन गरम होतं न होतं तोच बंद. डिझेल घेतली कारण सगळे म्हणाले डिझेल घे. काही महिन्यांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, त्याला वाटलं इंजिन ऑईलचा असेल, सर्व्हिसिंगला सांगू. दिवा लुकलुकायला लागला तरी पठ्ठ्या दुकान-घर करतोय. मग एक दिवस गाडीने पिकअपच सोडला, रेस देतोय पण अडीच हजाराच्या वर आरपीएम जाईना, मागून बैलगाडी ओव्हरटेक करेल अशी अवस्था. वर्कशॉपवाल्यांनी स्कॅनर लावून उभ्या गाडीत काजळी जाळली, ऑईल पण बदलायला लावलं, कारण साफसफाई अर्धवट राहिली की जास्तीचं डिझेल खाली ऑईलमध्ये उतरतं आणि ऑईल पातळ होतं. डिपस्टिक काढून दाखवली त्यांनी, लेव्हल फुलच्या खुणेच्या वर चढलेली आणि वासाला सरळ डिझेल. आणि सल्ला काय दिला, दर आठवड्याला एकदा एरंडोलपर्यंत पळवून आणत जा. म्हणजे डिझेल वाचवायला घेतलेली गाडी डिझेल जाळायला एरंडोलला न्यायची!

दिवा लागल्या लागल्या हायवेला घेतली असती तर एवढं झालंच नसतं. पिवळा दिवा लागला तर घाबरायचं नाही, गाडी बंद पण करायची नाही, सरळ फोर लेनला लागायचं, एक गिअर खालचा ठेवून आरपीएम दोन हजाराच्या वर राहील असं चालवायचं, दिवा विझेपर्यंत. जाळीच बदलायची वेळ आली तर काही गाड्यांना खर्च लाखाच्या घरात जातो आणि वापरामुळे चोक झाली म्हणून वॉरंटीत बसवायला बऱ्याचदा नाही म्हणतात. "डीपीएफ काढून टाकतो, प्रॉब्लेमच संपला" असं सांगणारे गॅरेजवाले पण भेटतील. बेकायदा आहे ते, आणि नंतर कंपनी त्या गाडीला हात लावत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊच नका.

तर ज्याचं बहुतेक रनिंग गावात पाच-सात किलोमीटरच्या चकरांचं आहे त्याने, महिन्याला दोन हजार किलोमीटर भरत असले तरी, डिझेल घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि भुसावळ-जळगाव, अमळनेर-धुळे, शहादा-नंदुरबार असं रोजचं अपडाऊन, नाहीतर महिन्यातून दोनदा पोराला भेटायला पुणे, ज्याची एक बाजूच चारशेच्या आसपास पडते, अशांनी डिझेल बिनधास्त घ्यावी. त्या गाडीला डीपीएफ आहे हे सुद्धा तुम्हाला कधी कळणार नाही.

डिझेल घेणारच असाल तर अजून दोन गोष्टी. काही डिझेल गाड्यांना डीईएफ लागतं, ते युरियाचं पाणी, ट्रकवाले टाकतात तेच. कुठल्या मॉडेलला लागतं ते शोरूममध्ये स्पष्ट विचारून घ्या, कारण ते संपलं आणि गाडी बंद केली की परत सुरू होत नाही, अशीच सिस्टीम असते. हायवेवर ट्रकांमुळे धुळे-पारोळा-मुक्ताईनगर पट्ट्यात मिळायला अडचण नाही. पण स्वस्त पडतं म्हणून मोठी बादली आणून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, तीस डिग्रीपर्यंत ते वर्षभर टिकतं, पस्तीसला सहा महिने, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं, त्या शेडमध्ये काय होत असेल बघा.

दुसरं, शेतकऱ्यांसाठी. ट्रॅक्टरसाठी घरी ड्रममध्ये डिझेल असतं, रात्री-अपरात्री त्यातलंच पाच लिटर गाडीत ओतायची सवय असते. जुन्या बोलेरोने, इंडिकाने ते पचवलं. आताच्या कॉमन रेल डिझेल इंजिनमध्ये डिझेल दीड-दोन हजार बारच्या प्रेशरने सोडतात, ड्रमच्या तळाचं पाणी आणि गाळ गेला की इंजेक्टर बसलेच, आणि एकेका इंजेक्टरची किंमत ऐकून कापसाचा भाव आठवतो.

मधल्या लोकांचं काय, ज्यांचं हजार ते अठराशेच्या मध्ये आहे आणि गाव-हायवे अर्धं-अर्धं? इथं पैशाचा हिशोब बाजूला ठेवून गाडीत किती माणसं बसतात ते बघा. साध्या पेट्रोलला ओढ खालच्या आरपीएमला नसते. परत क्रेटाच घेऊ, साधं १.५ पेट्रोल ११५ पीएस आणि डिझेल ११६, ताकद सारखीच दिसते, पण टॉर्क, म्हणजे ती ओढ, पेट्रोलला १४४ आणि तोही साडेचार हजार आरपीएमला, डिझेलला २५० आणि तो दीड हजारालाच मिळतो. घाटात हे समजतं. पाच माणसं, डिकीत भरताची वांगी आणि कळण्याच्या पिठाची पिशवी, एसी फुल, बाहेर ४४ डिग्री, अशात कन्नडचा घाट चढताना साधं पेट्रोल दुसऱ्या गिअरमध्ये ओरडत राहतं आणि डिझेल तिसऱ्यात गपगुमान चढतं. टर्बो पेट्रोल घेतलं तर ओढीत डिझेलची बरोबरी होते, पण ते पाय दाबला की पितं, गावात दहा-अकराचा ॲव्हरेज मनाशी धरूनच घ्या. एकटा-दुकटा फिरणारा असाल तर साधं पेट्रोल पुष्कळ झालं.

पेट्रोलबद्दल पण एक सांगून ठेवतो, आता पंपावर ई २० येतं, त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते त्यामुळे ॲव्हरेजला थोडा फटका बसतोच. नव्या गाड्या एप्रिल २०२३ पासून त्याला चालणारे रबर-पाईप लावूनच येतात, जुनी पेट्रोल सेकंड हँड घेत असाल तर मात्र त्या मॉडेलचं विचारून घ्या.

सीएनजी? जवळ पंप असेल आणि लाईनीत थांबायला वेळ असेल तर गावातल्या चकरांना त्याच्यासारखं स्वस्त काही नाही. डिकी जाते, ओढ अजून कमी होते, टाकीची दर तीन वर्षांनी टेस्टिंग करावी लागते. लग्नसराईत सामान आणि माणसं दोन्ही न्यायची असतील तर विचार करून.

सेकंड हँड डिझेल बघणाऱ्यांना दिल्लीच्या गाड्या भारी स्वस्तात दाखवतात. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांच्या वर डिझेल चालवायला बंदी आणली गेली, त्यामुळे तिकडच्या गाड्या इकडे उतरतात. आपल्याकडे दहा वर्षांचा नियम नाही, ते ठीक आहे. पण एनओसी आणून एमएच १८, १९ किंवा ३९ चा, म्हणजे धुळे, जळगाव किंवा नंदुरबारचा, नंबर घेताना इथला टॅक्स भरावा लागतो, तो धरून किंमत करा, आणि काटा फिरवलेला नाही ना हे सर्व्हिस रेकॉर्डवरून बघा.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या समोरच्या रस्त्यावर घेऊन काही समजत नाही. घरचे चार जण बसवा, दुपारी बाराला जा, एसी फुल लावा. धुळेकरांना लळिंगचा घाट जवळ आहे, तिथं न्या. जळगावला जवळ घाट नाही, मग निदान रेल्वेच्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडी थांबवून परत उचला, तिसऱ्या गिअरला तीस-पस्तीसच्या स्पीडला सोडून पाय दाबा. पेट्रोल आणि डिझेल एकाच दिवशी, एका पाठोपाठ चालवा, आठवड्याच्या गॅपने चालवलं तर फरक लक्षात राहत नाही. सेल्समन म्हणेल डिझेलला वेटिंग आहे, पेट्रोल उद्या देतो आणि वर डिस्काउंट. डिस्काउंट ऐकून रनिंगचा कागद फाडू नका.

आणि इतकी वर्षं डिझेल वापरून पेट्रोलवर गेलात, किंवा उलटं, तर पहिले दोन-तीन महिने टाकीच्या झाकणाच्या आत मोठ्या अक्षरात स्टिकर लावा, कारण पंपावर काच खाली करून "डिझेल, दोन हजारचं" हे तोंडातून आपोआप निघतं, आणि गाडी फक्त तुम्हीच नाही तर भाचा, ड्रायव्हर, शेजारचा पण नेतो. चुकीचं पडलंच तर चावी फिरवायची नाही, इग्निशन ऑन पण करायचं नाही, नुसत्या त्याने सुद्धा पंप तेल पुढे ढकलतो. डिझेलच्या गाडीत पेट्रोल गेलं तर जास्त वाईट, तिच्या पंपाला डिझेलचंच वंगण असतं, ते मिळालं नाही की आतमध्ये घासून लोखंडाचा भुगा थेट इंजेक्टरपर्यंत जातो. न्यूट्रल करून ढकलत बाजूला घ्या, टो करून न्या आणि टाकी रिकामी करून घ्या.